उजव्या कानाची साक्ष

आपल्या भाषेने कानाला जितके राबविले आहे, तितके दुसऱ्या कुठल्या अवयवाला क्वचितच राबविले असेल. कोणाचे कान भरावेत, कोणाचे फुंकावेत, कोणाचे उपटावेत. एखादी गोष्ट कोणाच्या कानावर घालावी, आणि ती अंगाशी आली की कानाला खडा लावून मोकळे व्हावे! भिंतींनासुद्धा आपण कान देऊन ठेवले आहेत. पण एवढी सेवा करूनही या अवयवाला घरात मान असा नाही. डोळ्यात कुसळ गेले तर सारे घर हवालदिल होते. कानाने तक्रार केली तर 'सर्दी असेल' या दोन शब्दांत तिचा निकाल लागतो. आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून देणारी सज्जन माणसे बहिऱ्याच्या गोष्टी सांगताना पोट धरधरून हसतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी वीस-बावीस वर्षे मुलांची नाटुकली बसवीत आलो आहे. त्यांतल्या निम्म्या नाटुकल्यांत एक बहिरे आजोबा असतातच, आणि त्यांना 'पाणी' म्हटले की ते 'राणी' ऐकतात. हशा हमखास!

याचे कारण मला असे वाटते की, बहिरेपण दिसत नाही. ते दुसऱ्याला फक्त गैरसोयीच्या रूपाने भेटते. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली की माणसाला बहिऱ्याची कीव येत नाही, राग येतो. आणि राग झाकायला हसण्यासारखे दुसरे साधन नाही. त्यातून एकच कान गेला असेल तर विचारूच नका. देवाने दुसरा दिलाच आहे की!

माझ्या थोरल्या बंधूंचा उजवा कान २०२२ सालच्या जुलैत, आषाढी एकादशी होऊन चार-पाच दिवस झाले असतील तेव्हा, एका सकाळी बंद झाला. दादांचे आमच्या गावात घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान आहे. आताशा बहुतेक काम सेल बदलण्याचे आणि पट्टे घालण्याचे. पण जुनी एचएमटीची चावीची घड्याळे जपून ठेवणारी माणसे पंचक्रोशीत अजून आहेत, आणि ती सारी दादांकडे येतात. घड्याळ हातात घेतले की प्रथम ते उजव्या कानाशी न्यायचे, ही दादांची पस्तीस वर्षांची सवय. त्या सकाळी त्यांनी एक घड्याळ कानाशी नेले, ते बंद. दुसरे नेले, तेही बंद. तिसऱ्याचे झाकण उघडून पाहतात, तो आत बॅलन्स मजेत झुलतो आहे! तेव्हा त्यांनी ते घड्याळ डाव्या कानाला लावले. टिकटिक स्पष्ट होती.

"मास्तर, आज घड्याळं चालू आहेत आणि दुकानदार बंद पडलाय," संध्याकाळी ते मला म्हणाले.

नुकतीच सर्दी होऊन गेली होती. गावातल्या डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब आणि आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्यात वावगे काही नव्हते. पावसाळ्यात दहा जणांचे कान असे भरतात आणि त्यांतले बहुतेक आपोआप मोकळे होतात. घाट चढताना कानात दडा बसतो आणि आवंढा गिळला की सुटतो, हा अनुभव कोणाला नाही? वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात एसटीतली अर्धी माणसे तोंड उघडझाप करीत असतात. दादांनाही वाटले, आज सुटेल, उद्या सुटेल. सर्दी गेली. गोळ्या संपल्या. श्रावण लागला. कान मात्र दार लावून बसला तो बसलाच. दुकानात येणारे-जाणारे सल्ला देत. कोणी म्हणाले, मळ असेल. कोणी म्हणाले, पन्नाशी उलटली की असे व्हायचेच. एका गृहस्थांनी तर कानात घालायच्या यंत्राची किंमतही काढून आणली. घरातल्या मुलांना नवा खेळ मिळाला. दादांच्या उजव्या बाजूने जाऊन हळूच काहीतरी म्हणायचे आणि ते काय उत्तर देतात ते पाहायचे! दादाही हसत.

हसल्या नाहीत त्या वहिनी. त्यांनी दोन गोष्टी पाहून ठेवल्या होत्या. एक म्हणजे, सकाळी घसा खाकरताना दादांच्या कफात कधीकधी रक्ताची बारीक रेघ दिसे. दादा तिला उष्णता म्हणत. आणि दुसरी, दाढी करताना ते मान जरा वाकडी धरीत. कारण उजव्या कानाखाली, मानेत, सुपारीएवढी गाठ आली होती. ती दुखत नव्हती, म्हणून तिचे नावही कोणी काढले नव्हते. एके दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही यांना साताऱ्याला घेऊन चला. माझं ऐकायचे नाहीत ते. आणि आता तर ऐकू येत नाही म्हणून सबबही आहे!"

साताऱ्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीएवढ्या. त्यांनी टेबलावरून एक चिमट्यासारखी वस्तू उचलली आणि मला एकदम ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. तो नादकाटा होता! आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तसाच एक आहे. मुले तो बाकावर आपटून पाण्याच्या पेल्यात बुडवितात आणि तुषार उडविण्याचा आनंद लुटतात. जॉन शोअर नावाच्या एका इंग्रज तुतारीवाल्याने १७११ साली तो वाद्ये जुळविण्यासाठी काढला, आणि पुढच्या शतकात डॉक्टरांनी तो उचलला. बाईंनी तो हातावर आपटला आणि त्याचा दांडा दादांच्या कपाळाच्या मधोमध टेकविला.

"काका, आवाज कुठल्या बाजूला येतोय?"

दादा गोंधळले. वर्गात उत्तर चुकल्यावर मुलाचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला. "उजवीकडं," ते ओशाळून म्हणाले. "पण उजवा तर बंद आहे."

"अगदी बरोबर सांगितलंत," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला जे समजावून दिले, ते मी पुढे कित्येकदा वर्गात सांगितले आहे. ऐकण्याचे दोन रस्ते आहेत. एक हवेतून, कानाच्या भोकातून, पडद्यावरून आत जाणारा; दुसरा कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानाला जाऊन भिडणारा. आतला कान किंवा त्याची नस बिघडली असेल, तर कपाळावर ठेवलेल्या नादकाट्याचा आवाज चांगल्या कानाकडे झुकतो. पण नस शाबूत असून नुसता हवेचा रस्ता अडला असेल, तर तो आवाज बिघडलेल्या कानाकडेच झुकतो. कारण बाहेरचा गलबला तिथे पोहोचत नाही आणि हाडातून आलेला नाद त्या शांततेत मोठा होतो. वाचकांनी हा प्रयोग आत्ता करून पाहावा. एका कानात बोट घालावे आणि तोंड मिटून गुणगुणावे. गुणगुण बंद केलेल्या कानात शिरल्यासारखी वाटेल.

म्हणजे दादांचा कान बहिरा झालाच नव्हता. त्याच्या दारावर काहीतरी येऊन बसले होते, आणि ते तो सांगत होता.

कानाच्या पडद्यामागे एक चिमुकली खोली आहे. तिच्यात हवा खेळती राहावी म्हणून तिथून नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या भागात उघडणारी एक नळी असते. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब भरते. सोळाव्या शतकातल्या युस्टाकी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव तिला मिळाले आहे. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते. घाटातला दडा सुटतो तो तिच्यामुळे. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे त्यांचे कान सर्दीने वारंवार भरतात. मोठ्या माणसात मात्र, एकाच कानाच्या पडद्यामागे पाणी साठले आणि सर्दी गेल्यावरही ते हटेना, तर नळीचे दुसरे तोंड कोणी दाबून धरले आहे का, हे पाहिल्याशिवाय डॉक्टरांनी स्वस्थ बसू नये, असा वैद्यकाचा नियम आहे. बाईंनी मानेची गाठ चाचपली, रक्ताच्या रेघेबद्दल विचारले, आणि नाकात औषध फवारून एक बारीक दुर्बीण आत सरकविली. पडद्यावर आम्हालाही दिसत होते. नळीच्या तोंडापाशी, जिथे एक खळगा असावा, तिथे लालसर, खडबडीत मांस वाढले होते.

त्याचा तुकडा तपासून आला, तेव्हा गणपती चार दिवसांवर आले होते. तो कर्करोग होता.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारले, की कान असा अचानक जाणे म्हणजे प्रत्येक वेळी हेच समजायचे का? त्या घाईने म्हणाल्या, "छे, छे! असं लिहूबिहू नका हं, मास्तर. लोक घाबरतील." म्हणून त्यांनी सांगितले ते त्यांच्याच क्रमाने लिहितो. कान बंद होण्याची बहुतेक कारणे साधी असतात. मळ, सर्दी, पडद्यामागचे पाणी. दुसरा एक प्रकार नसेचा. त्यात माणूस रात्री चांगला झोपतो आणि सकाळी एक कान गेलेला असतो, किंवा तीन दिवसांच्या आत जातो. त्यातल्या बहुतेकांत शोधूनही कारण सापडत नाही. पण तिथे वाट पाहणे महागात पडते; स्टेरॉइडचे औषध पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके बरे. त्या रोग्यांचा एमआरआय काढतात, कारण थोड्या जणांत ऐकण्याच्या नसेवर गाठ सापडते. तीही बहुधा साधी असते, कर्करोगाची नसते. अगदी क्वचित, शरीरात दुसरीकडे लपलेला कर्करोग मेंदूच्या आवरणात पसरून दोन्ही कान काही दिवसांत घेऊन जातो. आणि आमच्या दादांचा प्रकार तिसरा. "घाबरू नका, पण कान बंद झाला तर दाखवायला मात्र उशीर करू नका, एवढंच लिहा," बाई म्हणाल्या.

मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात आम्ही सप्टेंबरात गेलो. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या; त्यांच्यामागून दोराबजीही १९३२ साली गेले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तिथल्या व्हरांड्यात बसले की सारा हिंदुस्थान समोरून जातो. बंगाली, बिहारी, आसामी, आमच्या मराठवाड्यातले शेतकरी; सगळ्यांच्या काखेत सारखीच फाइल आणि सारखाच पाण्याचा शिसा.

या जागचा कर्करोग सहसा शस्त्राने काढीत नाहीत. तो कवटीच्या तळाशी, फार अडचणीत असतो. पण किरणांना तो चांगली दाद देतो. रोग मानेच्या गाठीत उतरला असेल तर किरणांच्या जोडीला औषधही देतात. दादांना ३५ बैठका सांगितल्या होत्या, आठवड्याला पाच याप्रमाणे सात आठवडे. औषधाविषयी डॉक्टर स्पष्ट बोलले. त्याने मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून सलाइन भरपूर द्यावे लागते. आणि त्याने कानांनाही इजा होऊ शकते. दोन्ही कानांना. आधी बारीक, उंच आवाज जातात.

बारीक, उंच आवाज म्हणजे घड्याळाची टिकटिक! दादा कितीतरी वेळ गप्प बसले. वहिनी त्यांच्याकडे पाहत होत्या आणि मी खिडकीबाहेर. शेवटी दादा म्हणाले, "घड्याळ चालतंय की नाही, हे डोळ्यांनी बघूनही कळतं. मी चालतोय की नाही, ते आधी बघू." आणि त्यांनी कागदावर सही केली.

आम्ही दादरला, गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरलो होतो. तिथे नागालँडचा एक तरुण शिक्षक भेटला. त्याचाही रोग हाच. तेव्हा मला कळले, की आपल्याकडे इतर ठिकाणी विरळ असलेला हा कर्करोग नागालँडात पुष्कळ आढळतो, आणि जगात त्याचे मोठे ठाणे म्हणजे दक्षिण चीन, क्वांगतुंग प्रांत. तिकडे खारवलेले मासे लहानपणापासून खाण्याची चाल आहे. तिचा या रोगाशी संबंध जोडतात. आणखी एक संबंध आहे तो एका विषाणूचा. १९६४ साली लंडनमध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार या तिघांनी तो प्रथम पाहिला. पण हा विषाणू जगातल्या दहांपैकी नऊ प्रौढांच्या अंगात निमूटपणे राहत असतो. तुमच्या असेल, माझ्याही असेल. तो मोजक्याच माणसांवर का उलटतो, हे कोडे आनुवंशिकता, आहार आणि परिसर मिळून होते. दादांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. "मग यांनाच का?" असे वहिनी पहिल्या महिन्यात रोज विचारीत. पुढे त्यांनी ते विचारणे सोडले. मला वाटते, त्या व्हरांड्यात बसून त्यांनी तो प्रश्न इतक्या भाषांत ऐकला, की स्वतःचा वेगळा विचारण्यात त्यांना अर्थ दिसेना.

त्या नागा गुरुजींचा डावा कान बंद होता. म्हणून ते दोघे बाकावर नेहमी एकाच रीतीने बसत: गुरुजी दादांच्या डाव्या हाताला. म्हणजे दोघांचे चालू कान एकमेकांकडे. त्यांची हिंदी मोडकी, दादांची त्याहून मोडकी. पण बोलणे अखंड चाले.

किरणे देताना डोके तसूभरही हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लॅस्टिकच्या जाळीचा मुखवटा घट्ट बसवितात. तो आधी गरम पाण्यात मऊ करून ज्याच्या-त्याच्या चेहऱ्यावरच घडविलेला असतो. दुखत काही नाही. पण तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आले, लाळ आटली, चव गेली. भाकरी गिळेना. मऊ भात, ताक आणि पेज यांवर सात आठवडे निघाले, आणि दादांचे अकरा किलो वजन गेले.

त्या साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. शाळेला सुटी लागताच मी घरून फराळाचा डबा घेऊन गेलो. वहिनींच्या सुनेने सगळे काही केले होते. पण दादांना त्यातले काहीच चालण्यासारखे नव्हते. डबा उघडावा की न उघडावा, अशा पेचात वहिनी होत्या. दादांनीच तो उघडला आणि गुरुजींपुढे ठेवला. त्यांचे उपचार नुकते सुरू झाले होते, तोंड अजून शाबूत होते. त्यांनी चकली उचलली आणि मोडली. दादा डोळे मिटून, डावा कान तिकडे करून बसले होते. मग वहिनींना म्हणाले, "सूनबाईला सांग, चकली छान झालीय. इथपर्यंत ऐकू आली."

वहिनी उठून नळावर गेल्या आणि पुष्कळ वेळ हात धूत राहिल्या.

दादांची ३५वी बैठक नोव्हेंबरात झाली. नंतरच्या तपासण्यांत, २०२४ सालच्यासुद्धा, नाकामागची जागा स्वच्छ दिसली. लाळ पुरती परत आली नाही. पाण्याची बाटली दुकानात सदैव उजव्या हाताशी असते. उजवा कान थोडा उघडला, पण पूर्वीसारखा नाही. डाव्यातले काही बारीक आवाज औषधाने नेले. चावीच्या घड्याळाचा दांडा आता ते कानामागच्या हाडाला टेकवितात आणि क्षणभर थांबतात. कधी ऐकू येते. नाही आले तर झाकण उघडून पाहतात.

घरात मात्र एक मोठी उलथापालथ झाली आहे. जेवायला बसताना, एसटीत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे दादांच्या डाव्या हाताची जागा मिळविण्यासाठी नातवंडांची भांडणे होतात. कारण सांगितलेले ऐकू जायचे तर तीच जागा. वहिनी कोणाला तिथे बसू देत नाहीत. "शास्त्रात बायकोला वामांगी उगीच नाही म्हटलेलं," त्या म्हणतात, आणि पदर सावरून ठाण मांडतात. मग दादांना काहीतरी हळूच सांगतात. काय सांगतात ते आम्हाला कळत नाही. दादांना मात्र पहिल्या खेपेलाच ऐकू जाते.